आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांची स्थानिक अंमलबजावणी (चंद्रपूर व गडचिरोली)

आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांची स्थानिक अंमलबजावणी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एखाद्या व्यक्तीवर, संघटनेवर किंवा राष्ट्रावर लादलेले पैशासंबंधीचे निर्बंध देशाच्या कायद्यात उतरवणे आणि बँका, नोंदणी कार्यालये, पोलीस व न्यायालये यांच्यामार्फत ते प्रत्यक्षात आणणे. भारतात या प्रक्रियेचा मुख्य आधार बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ हा आहे. यूएपीए या आद्याक्षरांनी तो अधिक परिचित आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा विषय केवळ परराष्ट्र व्यवहाराचा राहत नाही. बंदी घातलेल्या माओवादी संघटनेचा पैसा, तेंदूपत्त्याचा हंगाम, ग्रामसभांची बँक खाती आणि जिवती तालुक्यातील दोन राज्यांच्या सीमेवर अडकलेली गावे यांच्याशी तो जोडलेला आहे.

संज्ञा आणि स्वरूप

निर्बंध शिक्षेहून भिन्न असतात. शिक्षा गुन्हा सिद्ध झाल्यावर होते. निर्बंध मात्र प्रतिबंधक स्वरूपाचे असून त्यांसाठी दोषसिद्धीची आवश्यकता नसते. खाते 'गोठवणे' म्हणजे पैसा सरकारजमा करणे नव्हे. रक्कम खातेदाराच्या नावावरच राहते, परंतु ती काढणे, दुसऱ्यास देणे, तारण ठेवणे किंवा तिचा अन्य प्रकारे लाभ घेणे थांबते. सरकारजमा करण्यासाठी वेगळी कार्यवाही आणि न्यायालयाचा आदेश लागतो. वृत्तपत्रांत 'गोठवणे', 'जप्ती' आणि 'सरकारजमा' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि ज्याचे खाते अडकले आहे त्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

गोठवलेला पैसा किती काळ तसाच राहू शकतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण हैदराबाद संस्थानाचे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यात जमा झालेले निजामाचे सुमारे दहा लाख पौंड बँकेने वादामुळे अडवून ठेवले. त्यांच्या मालकीचा निकाल इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. हा दिवाणी वाद होता, निर्बंधांचा नव्हे. मात्र तोवर मूळ रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते आणि मूळ दावेदारांपैकी कोणीही हयात नव्हते.

कायदेशीर पाया

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील अनुच्छेद ४१ सुरक्षा परिषदेला सशस्त्र बळाखेरीज अन्य उपाय योजण्याचा अधिकार देतो. आर्थिक संबंध तोडणे हा त्यांपैकी एक होय. अनुच्छेद २५ नुसार परिषदेचे निर्णय अमलात आणणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे. परंतु भारतात आंतरराष्ट्रीय बंधन आपोआप देशाचा कायदा बनत नाही. त्यासाठी संसदेचा कायदा किंवा कायद्याखालील आदेश लागतो. या हेतूने संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियम, १९४७ करण्यात आला. त्याच्या कलम २ खाली केंद्र सरकार आदेश काढून परिषदेचे निर्णय देशात लागू करू शकते. हा कायदा अत्यंत आटोपशीर आहे.

तो झाला त्याच सुमारास आजच्या जिवती परिसरात एक वेगळाच प्रसंग चालू होता. राजुरा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. भारत सरकार आपली आर्थिक नाकेबंदी करीत असल्याची हैदराबाद सरकारची तक्रार होती आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्या सरकारने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. सप्टेंबरमधील पोलीस कारवाईनंतर तो प्रश्न मागे पडला. पुढे राज्य पुनर्रचनेत राजुरा मराठी मुलखाला जोडला गेला आणि कालांतराने त्याच्या डोंगराळ भागातून जिवती तालुका निर्माण झाला.

परिषदेचे ठराव पाहता दोन प्रवाह दिसतात. पहिला आहे नावांच्या यादीचा. १५ ऑक्टोबर १९९९ च्या ठराव क्र. १२६७ ने तालिबानवर निर्बंध घातले. पुढे अल-कायदा आणि २०१५ च्या ठराव क्र. २२५३ ने इस्लामिक स्टेट या यादीत आली. दाऊद इब्राहिमचे नाव २००३ मध्ये, हाफिज सईदचे डिसेंबर २००८ मध्ये आणि मसूद अझहरचे १ मे २०१९ रोजी यादीत समाविष्ट झाले. दुसरा प्रवाह २८ सप्टेंबर २००१ च्या ठराव क्र. १३७३ चा. अमेरिकेवरील हल्ल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांत संमत झालेल्या या ठरावाने कोणतीही यादी दिली नाही. प्रत्येक राष्ट्राने दहशतवादाला होणारा पैशाचा पुरवठा हा गुन्हा ठरवावा आणि दहशतवादी कृत्ये करणाऱ्यांची मालमत्ता विनाविलंब गोठवावी, असे बंधन त्याने घातले. कोण दहशतवादी, हे ठरवणे राष्ट्रांवर सोपवले. पूर्व विदर्भाच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा हा दुसरा प्रवाह अधिक महत्त्वाचा आहे.

कलम ५१अ

२००७ मध्ये केंद्र सरकारने १९४७ च्या कायद्याखाली सुरक्षा परिषदेच्या ठरावांच्या अंमलबजावणीसाठी दहशतवाद प्रतिबंध आदेश काढला. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर संसदेने डिसेंबरात यूएपीएमध्ये दुरुस्ती केली, तेव्हा कलम ५१अ अस्तित्वात आले. या कलमाने केंद्र सरकारला तीन अधिकार मिळाले: २००७ च्या आदेशाच्या अनुसूचीतील व्यक्ती व संस्थांचा पैसा, वित्तीय मत्ता आणि आर्थिक साधने गोठवणे, जप्त करणे किंवा त्यांवर टाच आणणे, अशा व्यक्तींना पैसा किंवा सेवा पुरवण्यास इतरांना मनाई करणे, आणि त्यांचा देशातील प्रवेश रोखणे.

यात एक वाक्यांश काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. अनुसूचीतील नावांबरोबरच 'दहशतवादात गुंतलेली किंवा गुंतल्याचा संशय असलेली अन्य कोणतीही व्यक्ती' हीदेखील या कलमाच्या कक्षेत येते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये तयार झालेल्या यादीसाठी घडवलेले हत्यार देशांतर्गत संशयितावरही चालवता येते. ठराव क्र. १३७३ ची पूर्तता करण्याचा हा मार्ग मानला जातो. 'संशय' किती असावा हे मात्र कलमात सांगितलेले नाही.

अण्वस्त्रे व तत्सम शस्त्रांच्या प्रसाराला मिळणारा पैसा रोखण्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीच्या २००५ च्या कायद्यात २०२२ मध्ये कलम १२अ घालण्यात आले. उत्तर कोरियाविषयीचा ठराव क्र. १७१८ आणि इराणविषयीचे ठराव यांच्याखालील याद्या त्यानुसार लागू होतात. वनजिल्ह्यांत या तरतुदीचा संबंध फारसा येत नाही, तरी प्रत्येक बँक शाखेला त्या याद्याही तपासाव्या लागतात.

यादीपासून शाखेपर्यंत

कलम ५१अ च्या अंमलबजावणीची रीत गृह मंत्रालयाच्या २ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात घालून दिली आहे. यापूर्वीचे आदेश २००९ आणि २०१९ चे होते. परिषदेच्या यादीत बदल झाला की तो परराष्ट्र मंत्रालयाकडे येतो. तेथून तो रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आदी संस्थांकडे आणि वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे जातो. नियामक तो बँकांना कळवतात. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांनी ग्राहकांची नावे या याद्यांशी ताडून पाहणे बँकांना बंधनकारक केले आहे. सहकारी व ग्रामीण बँकाही याला अपवाद नाहीत. त्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेची मुंबईतील शाखा असो, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची तालुक्यातील शाखा असो किंवा १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या विलीनीकरणानंतर कार्यरत झालेली महाराष्ट्र ग्रामीण बँक असो, कर्तव्य सारखेच. साधने मात्र सारखी नाहीत. मोठ्या बँकेत संगणक रोज रात्री नावे ताडतो. छोट्या बँकेत हे काम मुख्यालयातील एका-दोघांवर येते.

एखादे नाव व तपशील जुळल्यास बँकेने तत्काळ आणि जास्तीत जास्त २४ तासांच्या आत गृह मंत्रालयातील केंद्रीय नोडल अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्याच वेळी ज्या राज्यात ते खाते आहे त्या राज्याच्या यूएपीए नोडल अधिकाऱ्यास, नियामकास आणि वित्तीय गुप्तवार्ता एककासही माहिती द्यायची असते. जुळणी निःसंशय असेल तर व्यवहार तेथेच थांबवायचा. त्यानंतर पोलीस किंवा केंद्रीय यंत्रणा ओळखीची पडताळणी करतात. तिला पाच कामकाजाच्या दिवसांची मर्यादा आहे. पडताळणीनंतर २४ तासांत गोठवण्याचा आदेश निघतो. संबंधित व्यक्तीला आधी नोटीस दिली जात नाही, कारण नोटीस मिळताच पैसा निघून जाईल.

ही साखळी केवळ बँकांपुरती नाही. स्थावर मालमत्तेची नोंदणी करणारे दुय्यम निबंधक, सोन्याचांदीचे व्यापारी, जमिनीचे दलाल, सनदी लेखापाल हेही तिच्यात येतात. आदेशाच्या परिभाषेत जिल्ह्याच्या ठिकाणचा सराफही आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा अंमलदार ठरतो. आपल्या दुकानाचा असा संबंध आहे हे किती सराफांना ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

देशांतर्गत सूची आणि माओवादी संघटना

भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही संघटना सुरक्षा परिषदेच्या यादीत नाही. ती देशाच्या सूचीत आहे. २१ सप्टेंबर २००४ रोजी पीपल्स वॉर आणि माओवादी कम्युनिस्ट केंद्र यांच्या विलीनीकरणातून ती निर्माण झाली. या दोन्ही पूर्वसंघटना आधीपासून सूचीबद्ध होत्या. २२ जून २००९ रोजी केंद्र सरकारने नव्या संघटनेचा तिच्या सर्व घटक व आघाडी संघटनांसह यूएपीएच्या पहिल्या अनुसूचीत समावेश केला. याच अनुसूचीत सुरक्षा परिषदेच्या यादीतील संघटनांना एकत्रितपणे कवेत घेणारी एक नोंद आहे. म्हणून काबूलमधील आणि अबूझमाडच्या सीमेवरील संघटना कायद्याच्या एकाच पानावर येतात आणि दोघींच्या पैशाला लागू होणारी कलमेही सारखीच राहतात.

ही कलमे अशी. कलम १७ नुसार दहशतवादी कृत्यासाठी किंवा दहशतवादी संघटनेसाठी पैसा जमवणे अथवा पुरवणे हा गुन्हा असून त्यास किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पैसा सनदशीर मार्गाने आलेला असला तरी फरक पडत नाही. कलम ४० दहशतवादी संघटनेसाठी निधी उभारण्यास चौदा वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. कलम २५ खाली तपास अधिकारी राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या लेखी पूर्वपरवानगीने मालमत्ता जप्त करू शकतो. तपास राष्ट्रीय अन्वेषण अभिकरणाकडे असल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार अभिकरणाच्या महासंचालकांची परवानगी पुरते. जप्तीची खबर ४८ तासांत पदनिर्देशित प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. तो साठ दिवसांत ती कायम करतो किंवा रद्द करतो आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत न्यायालयात अपील करता येते. यांखेरीज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ खाली अंमलबजावणी संचालनालय १८० दिवसांपर्यंत तात्पुरती टाच आणू शकते. पूर्व विदर्भात प्रत्यक्षात उपयोगात येतात ती ही नेहमीची कलमे. कलम ५१अ हे त्यांच्यामागे उभे असलेले केंद्राचे राखीव साधन म्हणता येईल.

शेजारच्या राज्यांत याच्या जोडीला राज्याचे कायदेही आहेत. तेलंगणात आंध्र काळातील १९९२ चा सार्वजनिक सुरक्षा कायदा आणि छत्तीसगडमध्ये २००५ चा विशेष जनसुरक्षा कायदा लागू आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये संमत केले. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा पैसा व मालमत्ता ताब्यात घेण्याची तरतूद त्यातही आहे. विधेयकातील व्याख्या फार व्यापक आहेत आणि सनदशीर आंदोलनेही त्यांत सापडतील, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. जंगलातील सशस्त्र संघटनेच्या शहरी आधाराला रोखण्यासाठी ते आवश्यक आहे, ही सरकारची भूमिका.

तेंदूपत्ता, खंडणी आणि निधीपुरवठा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या अर्थव्यवस्थेत तेंदूपत्त्याचे स्थान मोठे आहे. एप्रिल-मे महिन्यांत काही आठवड्यांचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे हिशेबाचे एकक. कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात जातात आणि वर्षभराच्या रोख खर्चाची बेगमी या दिवसांत होते. याच हंगामात कंत्राटदारांकडून गोणीमागे वसुली करणे हा माओवादी संघटनेच्या उत्पन्नाचा एक जुना मार्ग राहिला आहे. बांबू, रस्त्यांची कामे आणि खाणकाम हे इतर मार्ग.

येथे कायद्यासमोर एक कठीण प्रश्न उभा राहतो. बंदुकीच्या धाकाने पैसे देणारा कंत्राटदार हा पीडित की निधीपुरवठादार? कलम १७ मधील 'पुरवणे' हा शब्द सक्ती आणि स्वेच्छा असा भेद करीत नाही. झारखंडमधील एका कोळसा वाहतूकदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२१ रोजी जामीन देताना म्हटले की, व्यवसाय सुरळीत चालावा म्हणून दिलेली खंडणी प्रथमदर्शनी दहशतवादाला केलेला निधीपुरवठा ठरत नाही. हा निर्णय जामिनाच्या टप्प्यावरचा आहे, हे लक्षात ठेवावे लागते. अंतिम निवाड्यात प्रत्येक प्रकरणाचे पुरावे निराळे असतील. तरीही यूएपीएच्या कलम ४३ड(५) खाली जामीन मिळणे किती दुष्कर आहे हे पाहता, गडचिरोली व चंद्रपूरमधील व्यावसायिकांच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. खंडणी देऊन पोलिसांना न कळवणे आणि संघटनेशी भागीदारी करणे यांतील रेषा कोठे आखायची, हा प्रश्न मात्र त्याने संपलेला नाही.

ग्रामसभेची खाती

१९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम यांमुळे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता व बांबू स्वतः विकू लागल्या. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्याने बांबूविक्रीचा हक्क प्रत्यक्षात वापरला, ही या वाटचालीतील ठळक घटना. पैसा आता कंत्राटदाराच्या थैलीतून न येता ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा होतो. पारदर्शकतेच्या दृष्टीने हा मोठाच बदल आहे. खात्यातील रकमेचा माग राहतो. जंगलात रोखीने झालेल्या देवघेवीचा राहत नव्हता.

पण बँकेच्या चाळणीला हे खाते विचित्र दिसते. वर्षातील दहा महिने जवळपास निपचित, मग एकाएकी मोठी जमा आणि लगेच मजुरी वाटण्यासाठी मोठी रोख उचल. महिन्यात दहा लाख रुपयांवरील रोख व्यवहारांची माहिती बँकेला वित्तीय गुप्तवार्ता एककास कळवावीच लागते. शिवाय असा आलेख संशयास्पद व्यवहारांच्या सर्वसाधारण निकषांत चपखल बसतो. ज्याला तेंदूचा हंगाम ठाऊक आहे असा शाखाधिकारी त्यात काही गैर पाहणार नाही. दूरच्या शहरातील संगणकाला हंगाम ठाऊक नसतो. ग्रामसभा ही ना न्यास, ना नोंदणीकृत संस्था, ना कंपनी. तिची ओळख तिच्या ठरावातून आणि वनहक्काच्या दाव्यातून सिद्ध होते. 'लाभार्थी मालक कोण' ही विचारणा अशा सामुदायिक खात्याला कशी लावायची, याचे उत्तर नियमांत सहज सापडत नाही. गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष, हेच खरे उत्तर आहे, आणि बँकेच्या अर्जातील रकान्यात ते मावत नाही.

जिवती

जिवती हा चंद्रपूर जिल्ह्यातील माणिकगड डोंगररांगेवरील तालुका. गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे येथे राहतात. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. तालुक्याच्या सीमेवरील परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आदी १४ गावांवर महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये दावा करतात. तेथील अनेकांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदार याद्यांत आहेत आणि दोन्हीकडच्या योजनांचा लाभ त्यांना मिळतो. तेलंगणाच्या नोंदीत ही गावे कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडळात येतात.

निर्बंधांच्या यंत्रणेत हा तपशील निर्णायक ठरू शकतो. २०२१ च्या आदेशानुसार राज्याचा नोडल अधिकारी ठरतो तो खाते कोठे आहे यावरून, खातेदार कोठे राहतो यावरून नव्हे. म्हणून एकाच घरातील दोन भावांपैकी एकाचे खाते जिवतीत आणि दुसऱ्याचे केरामेरीत असल्यास त्यांच्याविषयीची माहिती दोन राज्यांच्या गृह विभागांकडे जाईल. याउलट यूएपीएच्या कलम ७ मध्ये निवासाला महत्त्व आहे. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेसाठी पैसा वापरला जात असल्याचे सरकारला वाटल्यास ते या कलमाखाली मनाई आदेश काढू शकते, आणि बाधित व्यक्ती आदेश बजावल्यापासून चौदा दिवसांत आपण राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करू शकते. परमडोलीच्या रहिवाशाचा जिल्हा न्यायाधीश चंद्रपूरचा की आसिफाबादचा? चौदा दिवसांची मुदत असताना हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

दुसरी अडचण कागदपत्रांची. दोन राज्यांची ओळखपत्रे जवळ असलेल्या माणसाचे नाव एकीकडे देवनागरीतून आणि दुसरीकडे तेलुगूतून इंग्रजीत उतरते. आडनाव कोठे आधी, कोठे शेवटी. आत्राम, मडावी, कुमरे, सिडाम, कोडापे ही आडनावे डोंगरावरील गावागावांत आहेत आणि एकाच नावाची अनेक माणसे एका पंचक्रोशीत सहज सापडतात. वडिलांचे नाव व जन्मतारीख यांवरूनच ओळख पटते. जुन्या पिढीतील अनेकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जुलै अशी ढोबळ लावलेली असते, तेव्हा तोही आधार लटका पडतो.

ज्यांच्याकडे पुरेशी कागदपत्रे नाहीत त्यांच्यासाठी 'लहान खाते' ही सोय आहे. छायाचित्र आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर ते उघडता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपेक्षा, वर्षातील एकूण जमा एक लाखापेक्षा आणि महिन्यातील उचल १०,००० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही. सरकारी अनुदान, कल्याणकारी लाभ व शासकीय खरेदीपोटी मिळणाऱ्या रकमा जमा करताना शिल्लकीची मर्यादा लागू होत नाही. कापूस किंवा धान सरकारी केंद्रावर विकणाऱ्यास ही तरतूद माहीत असणे उपयोगाचे आहे.

गोठवलेले खाते मोकळे करणे

नामसाधर्म्यामुळे खाते अडकल्यास २०२१ च्या आदेशात उपाय दिला आहे. खातेदाराने पुराव्यासह लेखी अर्ज आपल्या बँकेकडेच द्यायचा. बँकेने तो दोन कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तेथे पडताळणी होऊन पंधरा कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हायचा. यासाठी वकील आवश्यक नाही व शुल्कही नाही. अर्जाची पोच घेणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण मुदतीची मोजणी तिच्यावरून होते.

ज्याचे नाव खरोखरच यादीत आहे त्यालाही उपाशी ठेवावे असा परिषदेचा हेतू नाही. २० डिसेंबर २००२ च्या ठराव क्र. १४५२ ने अन्न, घरभाडे, औषधोपचार, कर, विम्याचे हप्ते, वीज-पाणी आणि वाजवी वकील-फी यांसाठी गोठवलेल्या पैशातून रक्कम काढण्याची मुभा दिली. मात्र तीही अर्जावर आणि मंजुरीनंतर.

संघटनेला अनुसूचीतून वगळण्याची वाट कलम ३६ मध्ये आहे. अर्ज केंद्र सरकारकडे करायचा आणि तो फेटाळल्यास एका महिन्यात पुनर्विलोकन समितीकडे जायचे. समितीचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी संघटनेचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. परंतु सदस्यांच्या आत्मसमर्पणाने संघटनेची नोंद आपोआप पुसली जात नाही आणि तिला पैसा पुरवण्याचा गुन्हाही कायम राहतो.

इतर लहान प्रदेशांशी तुलना

भारतासारख्या मोठ्या देशात यादी अनेक टप्प्यांतून उतरते. लहान प्रदेशांनी जवळची वाट निवडली आहे. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसने २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि राष्ट्रीय निर्बंध सचिवालय स्थापन केले. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये वित्तीय कृती दलाने अन्य उणिवांमुळे त्यास वाढीव देखरेखीच्या, म्हणजे 'करड्या', यादीत टाकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते तीतून बाहेर आले. इंग्लंडजवळच्या जर्सी बेटाने २०१९ च्या कायद्याने परिषदेच्या यादीतील नावांना तत्काळ परिणाम दिला. अशा बेटांची अर्थव्यवस्थाच परकीय पैशावर उभी असल्याने तेथे विलंब परवडत नाही. जिवतीसारख्या तालुक्यात परकीय पैसा नाही. तेथे विलंबाची झळ बसते ती रोजगार हमीच्या मजुरीला.

मूल्यमापन आणि आक्षेप

भारत २५ जून २०१० रोजी वित्तीय कृती दलाचा सदस्य झाला. दलाच्या शिफारस क्र. ६ व ७ या लक्ष्यित आर्थिक निर्बंधांविषयी आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापन अहवालात भारताला 'नियमित पाठपुरावा' हा वरचा दर्जा मिळाला, मात्र पैसा विनाविलंब गोठवला जाण्यासाठी निर्बंधांची चौकट सुधारावी, असेही त्यात सुचवले आहे. डाव्या कडव्या गटांकडून असलेला धोका या अहवालात देशातील दहशतवादाच्या धोक्यांमध्ये गणला आहे.

आक्षेप नेमके उलट दिशेने येतात. नोटीस न देता, दोषसिद्धीविना आणि केवळ संशयावर पैसा अडवणे न्यायाच्या प्राथमिक तत्त्वांशी विसंगत आहे, असे टीकाकार म्हणतात. युरोपीय न्यायालयाने ३ सप्टेंबर २००८ रोजी कादी प्रकरणात हाच मुद्दा मान्य करून, सुरक्षा परिषदेच्या यादीवरून केलेली कारवाईही मूलभूत हक्कांच्या कसोटीस उतरली पाहिजे, असा निर्णय दिला. त्यानंतर १७ डिसेंबर २००९ च्या ठराव क्र. १९०४ ने यादीतून नाव वगळण्याच्या विनंत्या ऐकण्यासाठी लोकपालाचे पद निर्माण केले. या लोकपालाकडे केवळ अल-कायदा व इस्लामिक स्टेटच्या यादीवरील व्यक्ती व संस्था जाऊ शकतात. देशांतर्गत सूचीमुळे अडकलेल्या गडचिरोलीच्या किंवा जिवतीच्या खातेदारासाठी तो दरवाजा नाही. त्याला बँक, गृह मंत्रालय आणि शेवटी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ हाच मार्ग उरतो.